गाडी घ्या, पण आधी बसून बघा

माझी उंची सहा फूट. पेण-रोह्याच्या शेतांवर फिरायला जुनी मोटारसायकल घेतली, ती रंगाला भुलून. पहिल्याच पावसात बांधालगतच्या वळणावर हँडल गुडघ्याला अडले अन् मागे बसलेली सौ. पडता पडता वाचली. ती गाडी विकली.

मग जुनी बुलेट पाहिली. बसलो, तर गुडघे मोकळे राहिले. मात्र जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. म्हणून आठ दिवस मोकळ्या मैदानात सराव केला, मगच सौ.ला मागे बसवले.

मंडळी, बैल घेताना आपण दात बघतो, जुंपून बघतो. तशीच गाडीही पारखा. बसून दोन्ही पाय टेकवा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, चासी नंबर आर.सी. बुकाशी ताडा. रंग शेवटी बघा.