पावडा नवा घ्यावा की वाकवून घ्यावा?

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गोंदियाकडे धानाच्या बांध्यांचे धुरे नीट करायचे काम निघते. मी दिवसभर कारकुनी करतो. संध्याकाळी मोहल्ल्यातले लोक घरखर्चाचा हिशेब घेऊन बसतात. त्यात नवा पावडा दिसला, की मी आधी जुना दाखवायला सांगतो.

पुष्कळदा पाते चांगले जाड असते, दांड्याशी असलेला कोन तेवढा बिघडलेला असतो. कोन मिटला तर कंबर जास्त वाकवावी लागते. उघडला तर ओढताना माती सांडते. घडीव पाते लोहार तापवून वाकवतो आणि धारेला पुन्हा पाणी देतो. ओतीव लोखंड मात्र वाकवताना तडकते. पाते झिजून आखूड झाले किंवा नेढ्याला चीर गेली, तर नवाच घ्यावा. तिथे काटकसर करून पाय जखमी करून घेऊ नये.

दुरुस्तीत कमीपणा कसला? गोल्फ खेळणारे पैसेवालेसुद्धा नवी काठी घेण्याऐवजी जुनीच्या लोखंडी तोंडाचा कोन 1-2 अंशांनी वाकवून घेतात. आपले वाचलेले पैसे तर मुलांच्या वह्यांना लागतात.

म्हणून बंधू-भगिनींनो, बाजारात जाण्याआधी जुना पावडा एकदा लोहाराला दाखवा.