पदरी आलेला जीव

"अगं, हे उंदराचं पिल्लू कशाला आणलंस?" पिंजरा दारात ठेवला तेव्हा आजीचा पहिला प्रश्न हा होता.

तिची चूक नव्हती. मूठभर करडा देह, पाठीवर काळा पट्टा, टपोरे डोळे आणि पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत पसरलेली कातडीची झालर! नाव 'शुगर ग्लायडर'. कांगारूसारखा हा पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणाऱ्यांच्या कुळातला. मुलूख ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी. तिथल्या रानात तो झाडावरून झाडावर पन्नास मीटरपर्यंत तरंगत जातो. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बिचारा तरंगणार तरी कुठे?

आई ज्या घरी स्वयंपाकाला जाते, तिथल्या मुलानं तो हौसेनं घेतला होता. मुलगा शिकायला परगावी गेला. बाई आईला म्हणाल्या, "तुमची मुलगी रात्री अभ्यासाला जागतेच, तिला सोबत होईल." खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. वह्या-पुस्तकांखेरीज माझं स्वतःचं असं घरात काही नव्हतं. मी त्याचं नाव बिट्टू ठेवलं. आईनं जुन्या लुगड्याची, दोरे निघणार नाहीत अशी दुमडून शिवलेली पिशवी पिंजऱ्यात टांगली. दिवसभर तो तीत मुटकुळं करून झोपे आणि आमचे दिवे मालवायच्या वेळी उठे. मध्यरात्री कुत्र्याच्या पिल्लासारखा भुंके. बाबांना पहाटे पाचला कामावर जायचं असे. ते कूस बदलत, पण मला कधी बोलले नाहीत.

गावी आमच्याकडे शेळी होती. आजीला तिचं सारं ठाऊक होतं. कोणता पाला बाधतो, पोट फुगलं तर काय पाजायचं, व्यायला किती दिवस उरले. हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं. बिट्टूबद्दल सांगणारं आमच्यात कोण होतं? तो आवडीनं खाई म्हणून मी केळी नि बिस्किटं देत राहिले. नावातच साखर, मला वाटलं, खाऊ दे!

दिवाळीनंतर एका रात्री तो जाळीवर चढेना. मागचे पाय फरफटत होता. माझ्या पोटात गोळा आला. जवळच्या दवाखान्यात कुत्री-मांजरंच पाहत. शहराच्या दुसऱ्या टोकाला अशा प्राण्यांचे एक डॉक्टर असल्याचं कळलं. परीक्षेच्या फीचे पैसे पर्समध्ये घालून मी दोन बस बदलत गेले.

"काय खायला घालता?" त्यांनी विचारलं. सांगताना माझी मान खाली गेली.

"रानात हे झाडांचा डिंक, फुलांतला रस आणि किडे खातात," ते म्हणाले. "नुसत्या गोडानं कॅल्शियम कमी पडतं, हाडं कमकुवत होतात नि पाय जातात. वेळेवर आणलंत." त्यांनी औषध दिलं, आहार लिहून दिला. मग म्हणाले, "हा दहा-बारा वर्षं जगू शकतो. आणि कळपात राहणारा प्राणी आहे. एकटा ठेवू नका."

परतताना पिंजरा मांडीवर होता. दहा-बारा वर्षं! म्हणजे मी तिशीला टेकलेली असेन. तेव्हा मी कुठे असेन, हे मलाच ठाऊक नव्हतं. आणि 'एकटा' हा शब्द मनातून जाईना. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. प्रवेशाचा अर्ज हातात घेऊन खिडकीपुढे उभी होते, तेव्हा कुठल्या रकान्यात काय लिहायचं हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. पण मला निदान शेजारच्या मुलीला विचारता आलं होतं. बिट्टू मध्यरात्री भुंके, तो कुणाला हाक मारत असेल?

महिनाभरात तो सावरला, पूर्वीसारखा नाही, तरी जाळीवर चढू लागला. फीसाठी आईनं बाईंकडून उचल घेतली. त्या वेळी तिनं बाईंना बिट्टूबद्दल विचारलं. "तुमचं तुम्ही बघा," एवढंच उत्तर आलं. डॉक्टरांच्या ओळखीच्या एका घरी असे दोघं होते. त्या घरच्यांनी नीट चौकशी करून त्याला ठेवून घेतलं. एकदम एकत्र सोडलं तर भांडतात, म्हणून आधी शेजारी-शेजारी पिंजरे ठेवले.

दोन महिन्यांनी मी संध्याकाळी भेटायला गेले. आईनं शिवलेली पिशवी नव्या मोठ्या पिंजऱ्यात टांगलेली होती. तीत तिघं एकमेकांवर रचल्यासारखे झोपले होते. त्यांतला बिट्टू कोणता, ते मला चटकन ओळखता आलं नाही.

घरी आल्यावर आजीनं विचारलं, "ओळखलं का गं त्यानं तुला?"

"झोपला होता," मी म्हटलं.

"बरं झालं," आजी म्हणाली, आणि तिनं माझं ताट वाढायला घेतलं.