बंदी बोटीला, गळाला नाही

खाडीवर जायचं तर घड्याळाआधी तिथी बघावी. शुद्ध असो वा वद्य, तिथीला पाऊणने गुणलं की भरती पूर्ण भरण्याची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबईच्या किनाऱ्याला हा हिशोब बऱ्यापैकी लागू पडतो. भाईंदर खाडीत आत असल्याने इथं पाणी जरा उशिरा चढतं. मोबाइलवर आता तयार वेळापत्रक मिळतं, तरी इंद्रलोकच्या आमच्या घरात भिंतीवरचं पंचांग सगळ्यात जास्त मीच चाळतो. घरच्यांना सुरुवातीला वाटलं, हा उपासतापासाला लागला.

जेसल पार्कचा किनारा घरापासून रिक्षाच्या अंतरावर. समोर वसईची खाडी, डावीकडे रेल्वेचे पूल, मधे पाणजू बेट, काठानं तिवरं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला इथं पाणी गढूळ आणि इतकं ओढीचं असतं की शिसं तळाला टिकत नाही, तंगूस आडवा वाहत जातो. ते दिवस डोळवाल्यांचे, म्हणजे ओढीत जाळं लावणाऱ्यांचे. अष्टमीच्या आसपास भांग लागतो, पाणी मंदावतं. भांग सरताना, दशमी-एकादशीला, ओढ पुन्हा हळूहळू धरते तेव्हा गळवाल्यानं काठी काढावी. नवघरचे एक काका किनाऱ्यावर आल्यावर निम्मा वेळ नुसते बघत बसतात. ‘आधी पानी बग, मंग गल टाक,’ एवढंच त्यांचं शिकवणं.

थंडीत खाडीला बोय आणि शिंगाळा. तिकडे उत्तन-पालीला तेव्हा वलांड्यांवर बोंबील वाळत असतात. पण गळवाल्याचा जीव अडकलेला असतो तो जिताड्यात, आणि जिताड्याचे दिवस पावसाळ्याचे. उल्हास नदीचं गोडं पाणी खाली येतं, खारं आणि गोडं एकमेकांत मिसळतं, करंदी काठाला लागते. तिच्यामागे बोयीची पिल्लं, त्यांच्यामागे जिताडा. तो चावत नाही, तोंड उघडून आमिष पाण्यासकट ओढून घेतो. अंधारात ‘टप्प’ असा आवाज येतो आणि काठीचं टोक वाकतं. वर आला की बॅटरीच्या उजेडात डोळा लालसर चमकतो. कल्ल्याखाली बोट घालायची नाही, तिथली कड पात्यासारखी असते. तंगूस तिच्यावर घासला तरी तुटतो.

याच दिवसांत, 1 जून ते 31 जुलै, राज्यात मासेमारीला बंदी असते. ही बंदी यंत्रावर चालणाऱ्या बोटींना. काठावर गळ टाकणाऱ्याला कुणी अडवत नाही. मासा मात्र ज्या कारणासाठी बंदी आहे त्याच कामात गुंतलेला असतो. जिताडा अंडी घालतो ती खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात, उधाणाच्या सुमाराला, भरती सुरू होताना, म्हणजे तीच भरती पिल्लांना आत खाडीत आणून सोडते.

त्यात जिताड्याची आणखी एक गंमत. तो बहुधा नर म्हणून वयात येतो आणि सहा-आठ वर्षांचा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी दोन्ही हातांवर आडवा धरावा असा मोठा जिताडा ही जवळजवळ हमखास मादी, लाखोंनी अंडी देणारी. आपल्याकडे मान त्याच आकाराला. पेण-अलिबागच्या खारेपाटात जिताडे तळ्यात वाढवतात आणि पाहुण्याला, साहेबाला भेट देतात. भेट जेवढी मोठी तेवढी इभ्रत मोठी. महाराष्ट्रानं 2023 मध्ये 54 जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, त्याखालचे धरायचे नाहीत. हे चांगलंच झालं. पण जिताड्याला खालच्या मर्यादेइतकीच वरची मर्यादाही हवी. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर ती आहे: 58 सेंटिमीटरपेक्षा लहान सोडायचा आणि 120 पेक्षा मोठाही सोडायचा.

मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय. बंदीच्या महिन्यांत उधाणाच्या दिवसांना गळ घरी. इतर वेळी हातभर लांबीपर्यंतचा मासा ताटात, त्यापुढचा पाण्यात. गळाचा उलटा काटा पकडीनं आधीच दाबून ठेवतो, म्हणजे गळ पटकन सुटतो. मासा ओल्या फडक्यात धरायचा, तोंड भरतीच्या धारेकडे करायचं आणि शेपटी स्वतःहून हलेपर्यंत हात काढायचा नाही. शेजारचे वेड्यात काढतात. बाजारातला भाव त्यांना ठाऊक असतो, मलाही असतो.

पण हा हट्ट मी डोळवाल्याकडे धरणार नाही. त्याचं जाळं वर येतं तेव्हा आतलं बहुतेक सगळं मेलेलं असतं, आणि त्यावर त्याचं घर चालतं. गळवाल्याच्या हातात एकच मासा येतो आणि तो जिवंत येतो. ठेवायचा की सोडायचा हे ठरवायची सवड फक्त त्याला आहे, तेव्हा सुरुवातही त्यानंच करावी.