निष्ठा कोणाची, कोणाशी?

एप्रिल २०२४ मधील एका रात्री माझा अकरा वर्षांचा नातू वानखेडे स्टेडियमवरून घसा बसवून घरी आला. मुंबई इंडियन्स हरली होती. परंतु त्याचा घसा बसला होता तो आपल्याच संघाच्या कर्णधाराची, हार्दिक पांड्याची, हुर्यो उडवून. निळी जर्सी न काढताच त्याने विचारले, “आजोबा, हार्दिक गद्दार आहे ना?”

“हल्लीच्या खेळाडूंना निष्ठा कुठली?” मी तत्काळ उत्तरलो. एकाच कार्यालयात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला निष्ठेवर बोलण्याचा अधिकार आपोआप मिळतो, अशी माझी समजूत होती.

“मग बाबांनी तीन नोकऱ्या बदलल्या, तेही गद्दार?”

शेजारच्या खोलीत माझा मुलगा ऐकत होता. त्याने पहिली नोकरी सोडली, तेव्हा मी दोन महिने त्याच्याशी धड बोललो नव्हतो. सततच्या रात्रपाळीने त्याची झोप उडाली होती, रक्तदाब वाढला होता, हे ठाऊक असूनही.

त्या रात्री मी हार्दिकचा हिशेब पुन्हा मांडला. २०१५ ते २०२१ तो मुंबईकडून खेळला. २०२२ च्या लिलावापूर्वी जुन्या संघांना जास्तीत जास्त चार खेळाडू राखता येत होते. मुंबईने राखलेल्या चौघांत तो नव्हता. मग तो गुजरात टायटन्सचा कर्णधार झाला, पहिल्याच वर्षी संघाने विजेतेपद आणि पुढच्या वर्षी उपविजेतेपद मिळवले. त्यानंतर मुंबईनेच त्याला परत आणून रोहित शर्माच्या जागी कर्णधार केले. यात निष्ठा आधी कोणी मोडली? जिथे माणसांवर बोली लागते आणि एका दुखापतीने कारकीर्द संपू शकते, तिथे निष्ठेची अपेक्षा एकट्या खेळाडूकडून करणे न्यायाचे नव्हे.

वसीम जाफरही सदतिसाव्या वर्षी मुंबई सोडून विदर्भाकडे गेला. तिथे त्याने तरुण फलंदाजांना आधार दिला आणि २०१७-१८ मध्ये विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. पुढच्या हंगामात पुन्हा. ज्या संघात आहोत, त्याला मनापासून सर्वस्व देणे हीदेखील निष्ठाच आहे.

२९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक हार्दिकने टाकले. दक्षिण आफ्रिकेला सोळा धावा हव्या होत्या. भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. टीव्हीसमोर उड्या मारणारा नातू मध्येच थांबला आणि म्हणाला, “आजोबा, मी तेव्हा उगाच ओरडलो.”

वाचकहो, मुलांना संघावर जीव लावू द्या. पराभवाने ती रडली, तर रडू द्या. मात्र एखाद्या माणसाला शिवी देऊन ती घरी आली, तर जेवणापूर्वी दोन मिनिटे त्यांच्याजवळ बसा आणि त्या माणसाची बाजू सांगा. मनात साठलेला राग झोपेलाही बाधतो आणि नात्यांनाही.

मी त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलासाठी चहा केला. “तेव्हा नोकरी सोडलीस, ते बरे केलेस,” एवढेच मला म्हणता आले. त्याने कप हातात घेतला आणि म्हणाला, “बाबा, बसा ना.”