कळसूबाईच्या वाटेवरची विहीर

इतिहासाच्या तासाला मी अनेक गड चढलो, पण ते फळ्यावर. पन्नाशी उलटल्यावर आपल्या वसतिगृहातील मुलांच्या आग्रहाखातर महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराकडे, १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईकडे निघालो. अकोले तालुक्यातील बारी गावातून पहाटे चढाई सुरू झाली. लोखंडी शिड्यांपाशी माझ्या गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा सातवीतील एका विद्यार्थ्याने न बोलता माझी पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

शिखराच्या थोडे अलीकडे एक विहीर लागते. तहानलेली मुले थेट तिकडे धावली, पाणी काढून ओंजळीने प्याली. विहीर कोणाची, असे कोणी विचारले नाही. मी मात्र क्षणभर थबकलो. माझे वडील लहानपणी गावच्या विहिरीपासून दूर उभे राहत. कोणी वरून पाणी ओतील तेव्हाच त्यांची तहान भागे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते या मुलांच्या न थबकणाऱ्या पावलांसाठीच.

माथ्यावरून भंडारदऱ्याचा जलाशय आणि अलंग, मदन, कुलंग हे गड दिसले. उतरताना विहिरीच्या काठी मुलांना बसवून वडिलांची हकीकत सांगितली. पिशवी घेणाऱ्या मुलाने विचारले, "सर, आजोबांना राग येत नसे?"

"येत असे," मी म्हणालो, "म्हणूनच त्यांनी मला शाळेत घातले."