आटलं म्हणजे संपलं का?

भूजल हा विषय मी इथे चाळीस वर्षे शिकवला, सगळा इंग्रजीत. ‘डिप्लिशन’ हा शब्द रोज तोंडी. निवृत्तीनंतर मंडळाच्या मुलांना त्याविषयी मराठीत सांगायचे ठरले, आणि शब्द शोधू लागलो तर एकाच्या जागी चार हाती आले.

‘घट’ हिशेबाच्या वहीतली. ‘ओसरणे’ पुराचे, तापाचे, गर्दीचे; त्यात सुटल्याचा भाव असतो. ‘झिजणे’ला घासणे लागते: सहाणेवरचे खोड, देवळाची पायरी, कचेऱ्यांचे उंबरठे. झिजलेले पुन्हा भरून येत नाही.

‘आटणे’चे तसे नाही. दूध आटते म्हणजे कमी होते, पण दाटही होते. बासुंदी दुसरी कशी होणार? गाय आटते, व्याली की पुन्हा धार लागते. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी साठते ते भेगांत आणि वरच्या मुरमात, म्हणजे थोडेच. म्हणून आमच्या गावच्या विहिरी वैशाखात आटत आणि पावसाळ्यात भरत. ‘विहीर संपली’ असे कुणी म्हटलेले मी ऐकले नाही. त्या शब्दातच पावसाची वाट पाहणे आहे.

इथे कॅन्ससमध्ये मात्र तो अडतो. ओगलाला हा भूजलसाठा आठ राज्यांखाली पसरला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे पंप आले, उपसा वाढला. पश्चिमेकडे पाऊस मुळात कमी, त्यातला खाली मुरतो तो नाममात्र. गेलेले पाणी माणसाच्या हयातीत परत येणार नाही. घासणे नसले तरी याला मी ‘झीज’च म्हणेन. मुलांना तसेच सांगितले.

घरातल्या मराठीला कुठला शब्द लावावा, हा प्रश्न त्याहून अवघड. आमची लेक शाळेत जाऊ लागली आणि वर्षभरात इंग्रजीतून उत्तरे देऊ लागली. आम्ही गृहीत धरले, गेली भाषा. तीस वर्षांनी तिला मुलगा झाला. पाळण्यावर वाकून ती म्हणाली, “अले अले, काय झालं माझ्या सोन्याला?” हे शब्द इतकी वर्षे कुठल्या भेगेत होते कोण जाणे.

नातू आता पाच वर्षांचा आहे. माझ्याशी इंग्रजीतच बोलतो. परवा अंगणात पडून गुडघा फुटला, तेव्हा ओरडला मात्र “आई गं!”