वळूची बदली

‘पोळ’ हा शब्द मोल्सवर्थने आपल्या 1857 च्या कोशात नोंदवला आहे: त्रिशूळ-चक्राची खूण उमटवून देवाच्या नावाने मोकळा सोडलेला वळू. हा पोळ म्हणजे साऱ्या गावाचा जावई! कोणाच्याही शेतात शिरावे, हाकलील त्याला पाप. गावच्या गाई त्याच्यापासूनच फळायच्या. मामला फुकटचा, पण जावई चांगल्या कुळातलाच असेल याची हमी कोण देणार? मुंबई इलाख्यात 1933 साली पशुसुधारणेचा कायदा झाला, तो याच काळजीपोटी.

माझे मामा पुरुषोत्तमनगरला असतात. शहादे तालुक्यातली, साखर कारखान्याभोवती वाढलेली ही वस्ती. त्यांच्या गोठ्यात सहा गाई आणि घरचा एक वळू. एक जवान वळू वर्षाकाठी पन्नासेक गाई सहज फळवतो. कॉलेजात तासांचा भार कमी पडला की माणूस ‘अतिरिक्त’ ठरतो. त्या हिशेबाने मामांचा वळू केव्हाच अतिरिक्त ठरला असता.

“अहो, रेतनाची सोय दारात असताना हे खटले कशाला?” मी विचारले. मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळी कांचनला ‘बाएफ’ उभी केली, तेव्हापासून कृत्रिम रेतन गोठ्यागोठ्यांत पोचले आहे.

“प्राध्यापकसाहेब, तुमच्या नळीत वळू आहे, पण त्याचं नाक नाही!” मामा म्हणाले.

बोलणे खोटे नव्हे. गाय एकवीस दिवसांनी माजावर येते आणि माज पुरता दिवसभरही टिकत नाही. कित्येकदा तो रात्रीच येऊन जातो. मालक झोपलेला असतो. वळूला मात्र आधीच वास लागलेला असतो.

पण यंदा प्रश्न निराळाच उभा राहिला. वळूच्या पोटच्या दोन कालवडी माजावर यायच्या बेतात आल्या. बापाशी लेकीचा संबंध झाला तर रक्त घट्ट होते. वासरे अशक्त निपजतात, पुढे दूधही घटते. तेव्हा वळूने जायचे, हे ठरले. जायचे कुठे? 2015 च्या कायद्याने खाटकाची वाट बंद झाली आहे. राहिले दोनच मार्ग: अदलाबदल, नाहीतर खच्ची करून जुवाखाली घालणे. (‘खच्चीकरण’ हा शब्द आमच्या स्टाफरूममध्ये दर बैठकीला ऐकू येतो. चिमटा पाहिल्यापासून मी तो जपून वापरतो.) मामी दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत. उसाच्या वाढ्यावर त्यांनीच त्याला वाढवला होता.

अखेर तापीपलीकडचा, याच अडचणीत सापडलेला एक पशुपालक भेटला. दोन्ही वळूंचे रक्त आधी तपासून घेतले, कारण गाभ टाकायला लावणारा रोग वळूबरोबर सगळ्या गोठ्यात शिरू शकतो. मग एका सकाळी टेंपो आला. एक उतरला, दुसरा चढला. मामी घराबाहेर आल्या नाहीत.

नवा गडी चार दिवस वैरणीला नीट तोंड लावीना. पाचव्या दिवशी कपिला माजावर आली. मामांनी कॅलेंडरवर खूण केली आणि मला फोनवर कळवले. पुढचे तीन आठवडे मीही दिवस मोजले. एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला, आणि फोन मामींचा आला: “गाय उलटली नाही हो!”